निम्म्यावरचा काटा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी समोर येत नाही. किराणा दुकानदारासमोर येतं, डॉक्टरसमोर येतं, वकिलासमोर तर नको तेव्हा येतं. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांचं सॉफ्टवेअर करत एकतीस वर्षं काढली. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो, म्हणजे गाडी चालवणारा माणूस, एवढ्या वर्षांत एकदाच आमच्या गेटवर आला. भांडायला आला नव्हता. एक कागद मागायला आला होता, आणि तो कागद मी त्याला दिला नाही. संपादकांनी ‘कामातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं आहे. गमती आहेत, त्या देतेच, पण हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येणार नाही.

आधी धंदा काय तो सांगते. आमच्या सोसायटीत तीस वर्षं मला सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या’ म्हणतात आणि प्रिंटर बिघडला की हाक मारतात. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. आजच्या कुठल्याही गाडीत, अगदी भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपमध्येसुद्धा, छोटे छोटे संगणक असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, ड्रायव्हरसमोरच्या मीटरचा एक. आम्ही त्यांना डबे म्हणतो. हे डबे दोन तारांवरून एकमेकांशी सतत बोलत असतात. इंजिनाचा डबा सांगतो, पाणी इतकं तापलं आहे. मीटरचा डबा ते ऐकतो आणि काटा तिथे नेऊन उभा करतो. तो काटा तारेला बांधलेला असेल असं लोकांना वाटतं. तो बांधलेला असतो आमच्यासारख्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरला.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक डब्याचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून हाताने लिहायचा असे. आमच्याकडे बर्वे नावाचे एक गृहस्थ होते, अत्यंत हुशार आणि तितकेच तऱ्हेवाईक. आपल्या प्रोग्रॅममधल्या आकड्यांना ते सासरच्या माणसांची नावं द्यायचे. जो आकडा सारखा बदलतो त्याला धाकट्या मेव्हण्याचं नाव, जो कधीच बदलत नाही त्याला सासऱ्यांचं. बर्वे बंगळूरला गेले आणि त्यांचा डबा आमच्या गळ्यात पडला. पुढचे चार महिने आम्ही फोन करून त्यांना विचारत होतो, ‘बर्वे, हा प्रकाश म्हणजे वेग की तापमान?’ त्यांना आठवत नसे. ते बायकोला विचारून सांगत.

हा प्रकार जगभर चालला होता. मग मोठमोठ्या गाडी कंपन्या आणि त्यांना सुटे भाग देणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि त्यांनी एक प्रमाणित रचना ठरवली. डब्यातला खालचा भाग सगळ्यांचा सारखा. निरोप कसा पाठवायचा, कसा घ्यायचा, दोष झाला तर कुठे नोंदवायचा, झोपायचं कधी, उठायचं कधी, सगळं ठरलेलं. नव्या इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटमध्ये नळाचे पाइप आणि विजेची बटणं एकाच जागी असतात, तसं. वरचा मजकूर तेवढा ज्याचा त्याने करायचा. कल्पना उत्तम होती, मी आजही तसंच म्हणते. नाशिकच्या माणसाने केलेलं काम जर्मनीतल्या माणसाला पहिल्याच दिवशी वाचता येऊ लागलं. बर्व्यांच्या मेव्हण्यांचं राज्य संपलं.

पण आमचं काम बदललं. खालच्या भागाचा प्रोग्रॅम आता कोणी लिहीत नाही, एक यंत्रणा तो तयार करते. आपण तिला फक्त सांगायचं, काय हवं ते. सांगायचं म्हणजे चौकोन भरायचे. एका डब्यासाठी हजारो चौकोन. हा निरोप किती वेळाने येणार, आला नाही तर किती वेळ वाट पाहायची, तरी आला नाही तर काय करायचं. प्रत्येक प्रश्नापुढे पर्याय दिलेले, त्यातला एक निवडायचा. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज भरून देणारे बसतात ना, त्यांच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की आम्हाला एसी होता.

या चौकोनांपैकी एकामुळे माझं कौतुक झालं होतं, ते आधी सांगते. एका कंपनीच्या कारचा मीटर आम्ही करत होतो. त्या कंपनीचे एक बडे साहेब दिल्लीहून गाडी तपासायला आले. गंगापूर रोडवर गाडी खड्ड्यात आदळली की पेट्रोलचा काटा धाडकन शून्यावर पडायचा आणि परत वर यायचा. निरोप क्षणभर तुटायचा आणि आमचा डबा प्रामाणिकपणे शून्य दाखवायचा. साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाले, ‘मॅडम, मेरी बीवी साथ होती ना, तो यहीं उतर जाती.’ मी परत येऊन तो चौकोन शोधला. ‘निरोप आला नाही तर काय करायचं?’ पर्याय दोन होते. पहिला, ठरावीक आकडा दाखवा. दुसरा, शेवटचा आकडा धरून ठेवा. मी पहिल्याचा दुसरा केला. टाकीतलं पेट्रोल काही एका मिनिटात गायब होत नाही, तेव्हा काटा होता तिथेच थांबला तर बिघडलं कुठे? साहेब खूश झाले. मला प्रशस्तिपत्रक मिळालं आणि कंपनीचं नाव छापलेला एक कप. घरी मी दोन दिवस त्या कपाशिवाय चहा घेत नव्हते, नवरा वैतागला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी पिकअपचं काम आलं. मीटर स्वस्तातला. वेगाचा काटा, डिझेलचा काटा, इंजिनाचं पाणी किती तापलं ते सांगणारा हीटचा काटा आणि काही दिवे, बस. मुदत नेहमीप्रमाणे काल संपलेली. अशा वेळी आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच मी केलं. जुन्या कामाच्या चौकोनांचा तक्ता उघडला, त्यातल्या ओळी उचलल्या आणि नव्या तक्त्यात टाकून नावं बदलली. हीटच्या काट्यासाठी मी पेट्रोलच्या काट्याची ओळ उचलली, कारण दोन्ही काटे सारखेच, अर्ध्या वर्तुळात फिरणारे. नाव बदललं, आकड्यांच्या मर्यादा बदलल्या, निरोप कुठून येणार ते बदललं. शेवटच्या चौकोनात ‘शेवटचा आकडा धरून ठेवा’ होतं, ते तसंच राहिलं. हीटच्या लाल दिव्याची ओळ त्याच ओळीवरून केली, तिच्यातही ते तसंच राहिलं.

पेट्रोल एका मिनिटात गायब होत नाही. पाणी मात्र पाच मिनिटांत उकळतं. शाळेतल्या मुलालासुद्धा हे सांगावं लागत नाही, आणि मी ते पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, तपासायला कोणी नव्हतं का? होतं की. आमच्याकडे प्रत्येक तक्त्याची तपासणी तिघांनी मिळून करायची आणि सह्या करायच्या असा दंडक होता. शिवाय वरून आदेश असा, की तपासणीत एकही शेरा निघाला नाही तर ती तपासणी झालीच नाही असं धरू. त्यामुळे शेरे काढणं हीच एक कला झाली होती. जेवणाच्या आधीचा तास, सगळ्यांना भूक लागलेली, जो तो शेरे शोधतोय. पानाचा क्रमांक नाही, तारीख उलटी लिहिली आहे, कंपनीचं जुनं चिन्ह राहिलं आहे. त्या दिवशी अकरा शेरे निघाले. मी ते सगळे दुरुस्त केले आणि तिघांच्या सह्या झाल्या. हीटच्या ओळीवर कोणाची नजर थांबली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्या पद्धतीत प्रत्येक चौकोनामागे एक लेखी गरज दाखवावी लागते, कोणी आणि का मागितलं होतं ते. घाईत मागण्यांचा कागद अपुरा राहिला होता. मग दुसऱ्या गटाने माझा भरलेला तक्ता समोर ठेवून उलटा कागद तयार केला. ‘निरोप न आल्यास तापमानाचा काटा शेवटच्या आकड्यावर स्थिर राहावा.’ त्या कागदावरून चाचणी गटाने चाचणी लिहिली. निरोप तोडला, काटा स्थिर राहिला, चाचणी पास. माझी चूक आता गाडीवाल्या कंपनीची मागणी झाली होती, आणि ती बरोबर पूर्ण होते याचा लेखी पुरावाही तयार झाला होता.

गाड्या रस्त्यावर आल्या. वर्ष-दीड वर्ष काही झालं नाही, कारण तो निरोप सहसा तुटत नाही.

मग एका उन्हाळ्यात एक मीटर परत आला. गाड्यांमधून काढलेले भाग असे आमच्याकडे तपासायला येत, सोबत चिठ्ठी असे. चिठ्ठीवर होतं: इंजिन जाम, ड्रायव्हरचं म्हणणं हीटचा काटा चढलाच नाही. मी मीटर टेबलावरच्या यंत्राला जोडला. तापमान चढवलं, काटा चढला. उतरवलं, उतरला. लाल दिवा लागला. दोषांची स्मृती वाचली, ती कोरी. इंजिनाच्या डब्याची स्मृतीही कोरी असल्याचं चिठ्ठीत लिहिलेलंच होतं. ‘दोष आढळला नाही’ असा आमचा एक शिक्का असतो, तो मी मारला. वीस मिनिटांत काम झालं. त्या आठवड्यात असे नऊ भाग होते, आणि मी वेळेआधी ते संपवले म्हणून मला बरंही वाटलं होतं.

तीनेक आठवड्यांनी गेटवरून फोन आला. ‘मॅडम, पिंपळगावहून एक ड्रायव्हर आलाय. मीटर कोणी तपासला म्हणतोय. जात नाही.’

मीटरच्या पाठीवर आमच्या कारखान्याचा पत्ता छापलेला असतो. गॅरेजवाल्याकडून तो वाचून घेऊन हा माणूस पिंपळगाव बसवंतहून आला होता. त्याला मी इथे गांगुर्डे म्हणते, खरं आडनाव वेगळं आहे. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. मला पाहून तो गेटवरच्या खोलीतल्या बाकावरून उठून उभा राहिला.

‘मॅडम, तुमीच तपासलं का ते?’

‘हो. मीटर चांगला आहे, दादा. सगळं चालतं.’

‘चालत आसंल. पण त्या दिवशी काटा निम्म्यावरच व्हता. मी बघत व्हतो ना. घाटात तर मी कायम बघतो.’

मी त्याला बसायला सांगितलं. त्याने सगळं क्रमाने सांगितलं, न चिडता. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजवर तो चौदा वर्षं ड्रायव्हर होता. दुपारी द्राक्षांचे क्रेट भरून धुळ्याकडे निघाला. चांदवडच्या पुढे चढ लागला. काटा निम्म्यावर. इंजिन ओढेना म्हणून त्याला शंका आली, पुन्हा पाहिलं, काटा निम्म्यावर. मग करपल्याचा वास आला आणि बॉनेटमधून धूर. त्याने गाडी कडेला घेतली.

‘धूर वायरीपाशी दिसला मला. म्हटलं, आता पेटती का काय. इंजिन तर जाम झालंच व्हतं, चावी बंद करायला पन थांबलो नाय, उतरलो, पाना घेतला आन बॅटरीचं टर्मिनलच काढलं. मंग एका ट्रकवाल्याला हात केला, दोघांनी क्रेट उतरवले. मालक तव्हा म्हणले, गांगुर्डे, गाडी वाचवली बरं का तू.’

टर्मिनलचं ऐकलं आणि त्या कोऱ्या स्मृतीचा अर्थ मला तिथेच लागला. कसा, ते सांगते.

या प्रमाणित रचनेत डबा आपले दोष लगेच कायमचे लिहून ठेवत नाही. दिवसभर ते तात्पुरत्या स्मृतीत असतात. ड्रायव्हरने चावी फिरवून गाडी बंद केली की डबे झोपायच्या तयारीला लागतात, आणि झोपण्यापूर्वी सगळी नोंद पक्की करतात. सारखं सारखं लिहिलं तर स्मृतीची चिप लवकर झिजते, म्हणून ही सोय. ‘ताबडतोब लिही’ असा एक चौकोन असतो, तो आम्ही कोणी भरत नसू, माझ्या एकतीस वर्षांत मी एकाही दोषासाठी भरला नाही. गांगुर्डेने चावी फिरवली नाही, थेट टर्मिनल काढलं. गाडीला आग लागू नये म्हणून कोणाही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्याने केलं, आणि त्या क्षणी दोन्ही डब्यांतली त्याच्या बाजूची साक्ष पुसली गेली.

‘मंग कंपनीचा रिपोर्ट आला,’ तो म्हणाला, ‘की मशीनमधी काय दोष नाय, काटा चांगला हाय, मंजी डायवरनं बघितलंच नाय. मालक म्हणले, गांगुर्डे, इंजिन गेलं त्याचं मला काय नाय, गाडी हाय, जायची. पण तू माझ्याशी खोटं बोलला. मशीन कशाला खोटं बोलंल?’

‘काढून टाकलं?’

‘घरी बस म्हणले. म्हणले, कंपनीनं लिहून दिलं की काटा चुकू शकतो, तर उद्या ये. तेवढंच लिहून द्या ना मॅडम. माझं बरोबर हाय आसं नका लिहू. काटा चुकू शकतो, एवढंच लिहा. मी चौदा वर्षांत त्यांच्याशी खोटं बोललो नाय.’

मी त्याला चहा द्यायला सांगितलं आणि आत गेले. तसलाच दुसरा मीटर टेबलावर जोडला, तापमान निम्म्यावर आणलं आणि इंजिनाकडून येणारा निरोप तोडला. काटा निम्म्यावरच थांबला. मी पाच मिनिटं पाहत उभी राहिले. लाल दिवा लागला नाही. मग तक्ता उघडला आणि हीटची ओळ पाहिली. शेवटचा चौकोन वाचून मी खुर्चीत बसले, आणि मला माझीच किळस आली. इंजिनाच्या डब्याची जोडणी कुठेतरी सैल झाली असणार. इंजिन चालत राहिलं, फक्त त्याचं बोलणं कोणाला ऐकू येईना. पुढे गॅरेजवाल्यांनी इंजिन उतरवताना सगळ्या जोडण्या काढल्या आणि परत नीट बसवल्या. बाहेर बाकावर बसलेला माणूस अक्षर न् अक्षर खरं सांगत होता.

मी बाहेर येऊन त्याला काय म्हणावं? ‘दादा, थोडा वेळ लागेल. मी बघते, मी तुम्हाला फोन करते.’

‘करा मॅडम, वाट बघतो,’ तो म्हणाला. त्याने नंबर लिहून दिला, पुढे ‘डायवर’ असंही लिहिलं.

आमचे सोनजे साहेब वाईट माणूस नव्हते. मी त्यांना सगळं टेबलावर करून दाखवलं. ते बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही हे रीतसर नोंदवा. मी अडवणार नाही. पण कागद वगैरे कोणाला देऊ नका, ते आपल्या हातात नाही.’ मी रीतसर नोंदवलं. तीन शहरांत विखुरलेल्या आमच्या गटांचे आणि गाडीवाल्या कंपनीचे लोक फोनवर जमले. चाचणी गटाने सांगितलं, चाचणी पास आहे. मागण्यांच्या गटाने सांगितलं, अशी लेखी मागणी आहे. मी म्हटलं, ती मागणी माझ्या चुकीवरून उलटी लिहिली आहे. गाडीवाल्या कंपनीचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, ‘असेल, पण प्रत्यक्ष गाडीत असं घडल्याचा पुरावा आहे का?’ मी म्हटलं, पुरावा स्मृतीत होता, बॅटरी काढल्यावर पुसला गेला. तो म्हणाला, ‘म्हणजे नाही.’ त्यात त्याचंही काही चुकलं नाही. माझी तक्रार ‘रचनेनुसार काम करते’ असा शेरा मारून बंद झाली. पुढच्या आवृत्तीत तो चौकोन बदलण्यात आला, ‘सुधारणा’ या मथळ्याखाली. जुन्या गाड्या सर्व्हिसिंगला आल्या आणि कोणाला सुचलं तर नवं सॉफ्टवेअर टाकायचं. ड्रायव्हरांना कोणी काही कळवलं नाही.

त्या सबंध प्रकरणात एकही माणूस खोटं बोलला नाही. आजही मी ते कागद मनात चाळते, तर प्रत्येकावर बरोबर तेच लिहिलेलं आहे. असं असताना दाद मागायची तरी कोणाकडे? मला वाटायचं, इतक्या देशांतल्या इतक्या हुशार लोकांनी बांधलेल्या रचनेत चूक पकडायला कुठेतरी जागा ठेवलेली असेल. यंत्राची चूक पकडायला आहे. आमची पकडायला नाही.

आणि मी? साध्या कागदावर दोन ओळी लिहून माझी सही करायला मला कोण अडवत होतं? कोणी नाही. नोकरीची तीन वर्षं राहिली होती आणि कामाबद्दल बाहेर काही बोलणार नाही या कागदावर मी सही केलेली होती. मी घाबरले. याला दुसरा शब्द नाही. गांगुर्डेचा पहिला फोन मी उचलला आणि ‘प्रक्रिया चालू आहे’ असं त्याला सांगितलं, ऑफिसातला माणूस सांगतो तसं. दुसरा उचलला नाही. तिसरा आणि चौथाही नाही. मग फोन यायचे बंद झाले, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल दिली, भाषणं झाली, सोनजे साहेबांनी पेट्रोलच्या काट्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे हसले. घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. दोन ओळींचं पान झालं. काटा कसा चुकला, चूक कोणाची, स्मृती कशी पुसली गेली, आणि गांगुर्डे खरं बोलत होता. खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, सही. नवऱ्याने वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘आता?’

पिंपळगावला गेले. जुन्या मालकाकडे चौकशी केली तर तिथल्या कारकुनाने हायवेलगतच्या एका पॅकहाउसचं नाव सांगितलं. गांगुर्डे तिथे सापडला, रिकाम्या क्रेटच्या थप्पीजवळ. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं, आणि ओळखल्यावर आधी इकडेतिकडे पाहिलं. मग टपरीवर नेऊन चहा सांगितला. मी कागद पुढे केला. त्याने तो बोट फिरवत सावकाश वाचला, दोनदा.

‘हे खरं हाय, मॅडम?’

‘अगदी खरं आहे. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.’



‘आठ-नऊ महिने कोनी ठेवना मला,’ तो म्हणाला. ‘समदीकडं तेच, इंजिन जाळलं आन वर खोटं बोलतो. मंग हे मालक म्हणले, चूक कबूल करनारा मानूस मला चालतो, खोटं बोलनारा नको. मी कबूल केलं. म्हटलं, काटा चढला व्हता, माझं ध्यान नव्हतं. तव्हापून कोनी पन इचारलं की तसंच सांगतो. आन आता काय झालं माहिती का मॅडम, मलाच काटा चढलेला दिसतो. डोळे मिटले की वरच दिसतो. मंग हे तुमी लिहिलेलं कुठलं म्हनायचं?’

मी म्हटलं, ‘निम्म्यावर होता, दादा. तुम्हीच मला सांगितलं होतं.’

‘सांगितलं आसंल,’ तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, हा कागद दोन्ही मालकांना दाखवा, वाटल्यास मी बरोबर येते. त्याने एकदम मान हलवली. ‘नको नको. ह्यांना दिसला तर म्हनतील, मंजी आपल्याशी खोटं बोलून नोकरी घेतली. आत्ता कुठं इश्वास बसलाय.’ कागदाची त्याने होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. ‘तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आन माझं नाव नका कुठं लिहू.’

नाशिकची बस येईपर्यंत तो माझ्याबरोबर स्टॉपवर उभा राहिला. उन्हात उभं राहायची काही गरज नव्हती, मी तसं म्हटलंही. बस दिसल्यावर त्याने पुढे होऊन हात केला आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘तव्हा तुमाला सारखे फोन केले मी. कामाच्या मानसाला तरास झाला आसंल. राग नका मानू.’

राग नाही मानला, मी म्हटलं, आणि बसमध्ये चढले.